मेकॅनिकलला निघालेल्या मुलीसाठी लॅपटॉप : गेमिंग, मॅक, पातळ की जुना थिंकपॅड?

तासगावची_आई

नमस्कार मंडळी. मुलीला पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, कॅपच्या दुसऱ्या फेरीत. आमच्या घरातलं हे पहिलंच इंजिनिअरिंग, त्यामुळे विचारायला जवळ कुणी नाही. तासगावजवळ आमची सव्वा एकर द्राक्षबाग आहे आणि मी घरी शिवणकाम करते. २०२४ पासून मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं त्यात आम्ही बसलो, म्हणून यंदाच्या बेदाण्याच्या पट्टीतले पंचावन्न हजार मी लॅपटॉपसाठी वेगळे काढून ठेवलेत. ओढूनताणून साठपर्यंत जाईन. त्याच्या वर नाही, कारण हॉस्टेलचं डिपॉझिट आणि मेसचे पैसे अजून भरायचेत.

आता चौघांनी चार वाटा दाखवल्यात. सांगलीचा दुकानदार म्हणतो गेमिंग लॅपटॉपच घ्या, आरटीएक्स ३०५० वाला, बहात्तर हजार, वरच्या पैशांचे हप्ते करून देतो. मेकॅनिकल म्हणजे थ्रीडी, ग्राफिक्स कार्ड नसेल तर पोरगी मागं पडेल, असं त्यानं तिच्यासमोरच सांगितलं. तेव्हापासून ती गप्प आहे. माझा भाचा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो मॅकबुक एअर घे मावशी, आठ वर्षं बघायला नको, कमी पडतील ते मी घालतो. दिरांचा मुलगा पातळ, हलका विंडोजवाला घ्या म्हणतो, चौपन्न हजारांचा. आणि शेजारचा डिप्लोमावाला मुलगा म्हणतो काकू, कंपनीतून निघालेला जुना थिंकपॅड चोवीस हजारांत मिळतो, बाकीचे पैसे जपून ठेवा.

मी हे एवढं विचारतेय त्याला कारण आहे. सहा वर्षांपूर्वी शिलाई मशीन घ्यायला गेले तेव्हा मला हवी होती साधी सरळ शिलाई. दुकानात भरतकामाचं भारी मशीन गळ्यात मारलं. ते भरतकाम मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा केलं असेल, हप्ते मात्र दोन वर्षं फेडले. पुन्हा तसं व्हायला नको आहे.

ग्राफिक्स कार्ड खरंच लागतं का? मॅकवर मेकॅनिकलचं काम होतं का? आणि बिघडला तर दुरुस्तीचं काय, तेही सांगा. मुलगी चार वर्षं तो वापरणार आहे.

कॅडलॅब_सहायक

ताई, अभिनंदन. मी पुण्याजवळच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या कॅड लॅबमध्ये, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायच्या प्रयोगशाळेत, सहायक आहे, अकरा वर्षं झाली. दर वर्षी दीडशे-दोनशे पोरांचे लॅपटॉप डोळ्यांखालून जातात. तुमच्या शिलाई मशीनवरूनच सांगतो: आधी काय शिवायचंय ते बघू, मग मशीन.

पहिल्या वर्षी सगळ्या शाखांचं साधारण सारखंच असतं. गणित, विज्ञान, सी किंवा पायथनमधलं प्रोग्रॅमिंग, आणि इंजिनिअरिंग ग्राफिक्स. यातलं काहीही चाळीस हजारांच्या लॅपटॉपवर आरामात चालतं. खरं काम दुसऱ्या वर्षी सुरू होतं, सॉलिड मॉडेलिंगचं, म्हणजे यंत्राचे भाग संगणकावर थ्रीडीत बांधण्याचं. सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ यांपैकी कॉलेजकडे जे असेल ते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी अ‍ॅन्सिस येतं, भागावर ताण, उष्णता यांचा काय परिणाम होईल त्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर.

इथंच मॅकचा निकाल लागतो. ऑटोकॅड मॅकवर चालतं, पण सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ आणि अ‍ॅन्सिस मॅकसाठी निघतच नाहीत. पूर्वीच्या इंटेलच्या मॅकमध्ये बूटकॅम्पनं विंडोज टाकता यायचं. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिप आली आणि तो रस्ता बंद झाला. आता पॅरलल्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये, मॅकच्या आतच, विंडोज चालवतात, पण तेही एआरएम या वेगळ्या बनावटीच्या चिपसाठीचं विंडोज, आणि या सॉफ्टवेअरवाल्यांचा त्याला अधिकृत पाठिंबा नाही. मागच्या वर्षी एक मुलगी सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी मॅक घेऊन माझ्याकडे आली होती. मॉडेल उघडायचं, फिरवलं की बंद पडायचं. शेवटी लॅबच्या पीसीवर रात्री आठपर्यंत बसून तिनं ते पुन्हा काढलं. भाच्याचं मन मोठं आहे आणि मॅक यंत्र म्हणून उत्तमच आहे. त्याच्या आयटीच्या कामाला ते शोभतं, तुमच्या मुलीच्या शाखेला नाही.

आता ग्राफिक्स कार्ड. मुलीला दुकानदारानं जी भीती घातली ती तिच्या मनातून आधी काढा. दुसऱ्या वर्षी पोरं काय काढतात? स्क्रू जॅक, नकल जॉइंट, प्लमर ब्लॉक, बेंच व्हाइस. वीस-पंचवीस सुटे भाग, त्यांची जोडणी. सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल बांधताना सगळा भार मुख्यतः प्रोसेसरच्या एका कोअरवर, म्हणजे त्यातल्या एकाच स्वतंत्र भागावर, असतो. ग्राफिक्सचं काम येतं ते मॉडेल फिरवताना, आणि एवढ्या भागांना प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स पुरतं. अ‍ॅन्सिसलाही जास्त करून प्रोसेसर आणि रॅम लागते. त्याची विद्यार्थ्यांसाठीची मोफत आवृत्ती आहे, तिच्यात मेशवर, म्हणजे मॉडेलचे किती बारीक तुकडे पाडून गणित करता येईल त्यावर, मर्यादाच घातलेली असते, त्यामुळे मोठा प्रॉब्लेम घरच्या मशीनवर नेता येतच नाही. तो लॅबमध्येच सोडवायचा असतो, त्यासाठीच लॅब आहे. शेकडो भागांची असेंब्ली करणारी पोरं म्हणजे बाहा किंवा फॉर्म्युला या कॉलेजांच्या स्पर्धांसाठी गाडी बांधणाऱ्या टीममधली. त्यांच्या वर्कशॉपमध्ये बहुतेक वेळा एखादं तगडं मशीन असतंच.

ग्राफिक्स कार्डपेक्षा रॅमकडे बघा. सोळा जीबी. सॉलिडवर्क्सवालेही सोळाच मागतात. आठवर सुरू होतं, पण मागं ब्राउझरच्या दहा टॅब असतील तर दातखीळ बसते. आणि ती सोळा शक्यतो आठ-आठच्या दोन पट्ट्यांत असावी. अंगभूत ग्राफिक्स रॅममधूनच काम करतं, दोन वाटा मिळाल्या की ते चांगलंच वेगात चालतं. इंटेलच्या काही लॅपटॉपवर तर एकच पट्टी असेल तर आयरिस एक्सई हे नावच दिसत नाही, नुसतं यूएचडी दिसतं. चिप तीच, काम कमी.

दुकानात हे स्वतः तपासता येतं. चालू लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली ‘स्लॉट्स यूझ्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ अशा दोन ओळी असतात. फॉर्म फॅक्टरपुढे ‘एसओडीआयएमएम’ असेल तर पट्टी काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डवर डाखलेली आहे, जेवढी आहे तेवढीच जन्मभर. डाखलेली सोळा असेल तर हरकत नाही. डाखलेली आठ असेल तर उठून या.

प्रोसेसरच्या नावातही गोम आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू शेजारी-शेजारी ठेवलेले असतात, नावात एका आकड्याचा फरक. पहिला चार कोअरचा, जुन्या झेन २ बनावटीचा. दुसरा सहा कोअरचा, झेन ३ चा. रायझनच्या त्या ७००० क्रमांकाच्या मालिकेत तिसरा आकडा पिढी सांगतो, तो बघायचा. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा: यू म्हणजे बॅटरी वाचवणारा, एच म्हणजे जोरकस पण तापणारा. मेकॅनिकलला एच मिळाला तर चांगलंच, यू मिळाला तरी अडणार नाही.

आणि आता जे कुठल्याच जाहिरातीत नसतं ते. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येणारं दुखणं म्हणजे बिजागरी. दुकानातले लोक हिंज म्हणतात. पातळ आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये हिंजचा स्क्रू लोखंडात नसतो. प्लास्टिकच्या खुंटीत पितळेची बारीक नट गरम करून बसवलेली असते, तिच्यात तो आवळलेला असतो. हिंज घट्ट, प्लास्टिक मऊ. पोरं झाकण एका कोपऱ्याला धरून उघडतात, दिवसातून वीस वेळा. दीड-दोन वर्षांत ती नट खुंटीसकट उपटून येते आणि झाकण उघडताना खालचा सांधा शिंपल्यासारखा फाकतो. मग आतली डिस्प्लेची वायर चिमटते आणि स्क्रीन लुकलुकायला लागते. म्हणून दुकानात झाकण मधोमध धरून सावकाश उघडा आणि बिजागरीजवळ कान द्या. कट् असा आवाज आला किंवा खालची बॉडी वर उचलली जात असेल तर दुसरं मॉडेल बघा. कीबोर्डच्या मध्ये अंगठ्यानं दाबून बघा, फार खाली जायला नको. मुलीला पहिल्या दिवसापासून दोन्ही हातांनी उघडायची सवय लावा.

वजन दीड किलोच्या आसपास धरा. आमच्या वर्गात साठ पोरं आणि प्लगच्या जागा भिंतीला सहा. बॅटरी पाच-सहा तास टिकली पाहिजे.

हॉस्टेल_खोली_२१४

काकू, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्याकडे गेमिंग लॅपटॉपच आहे, तोच आरटीएक्स ३०५० वाला. वाईट म्हणणार नाही, काम झकास करतो, अभ्यास संपला की मी गेमही खेळतो, त्यासाठीच हट्ट करून घेतला होता. पण रोजचं सांगतो. लॅपटॉप दोन किलो तीनशे ग्रॅम, वर अ‍ॅडॉप्टर विटेएवढा. लेक्चरला नेला तर तीन तासांत बॅटरी संपते, मग भिंतीजवळची जागा पकडायला पंधरा मिनिटं आधी जावं लागतं. दुसऱ्या वर्षापासून मी तो खोलीवरच ठेवतो आणि लेक्चरला वही नेतो. म्हणजे बाहेर न्यायचा म्हणून घेतलेला लॅपटॉप टेबलावरच बसून आहे.

दुसरं म्हणजे पंख्याचा आवाज. रात्री अकरानंतर मी रेंडर (मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढायचं काम) लावला की रूममेट उशी डोक्यावर घेतो. वाचनालयात तर लावतच नाही.

मुलीला गेमची आवड नसेल तर हप्ते काढून हा घेऊ नका. माझ्या ग्रुपमधल्या चौघींकडे साधे सोळा जीबीवाले आहेत, आमचा गिअरबॉक्सचा मिनी प्रोजेक्ट त्यांच्यातल्याच एकीच्या मशीनवर झाला. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड, फ्यूजन वगैरे फुकट देतं, एका वर्षासाठी, मग नूतनीकरण करायचं. कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो लागतो. सॉफ्टवेअरसाठी पैसे काढून ठेवायची गरज नाही.

बॅटरी_दिवसभर

एक वाट कुणी सांगितली नाही म्हणून लिहितो. आता दुकानात स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉपही दाखवतात. दिसायला विंडोज, हलके, बॅटरी खरंच सकाळ ते संध्याकाळ. मी इलेक्ट्रॉनिक्सचा, तोच घेतला होता. पण आत एआरएम चिप आहे. साधे प्रोग्रॅम भाषांतर होऊन चालतात, ड्रायव्हर मात्र एआरएमसाठीच लिहिलेला लागतो. आमच्या लॅबमधल्या एका जुन्या बोर्डाचा ड्रायव्हर तसा निघालाच नाही आणि मी सहा महिने मित्राचा लॅपटॉप मागत फिरलो. वरचे लॅबवाले सर मॅकबद्दल जे म्हणाले तीच अडचण, फक्त विंडोजच्या कपड्यात. इंजिनिअरिंगवाल्यांनी अजून काही वर्षं इंटेल नाहीतर एएमडीच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. बीकॉम, बीए, कायदा असेल तर खुशाल घ्या.

तासगावची_आई

सगळ्यांचे आभार. मुलीला बाजूला बसवून हे सगळं वाचून दाखवलं. ते नकल जॉइंटचं वाचल्यावर तिनं मोबाइलवर त्याचं चित्र शोधून काढलं आणि म्हणाली, आई, हे तर ट्रॅक्टरच्या ट्रेलरच्या जोडासारखंच आहे. चार दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

मॅक आणि गेमिंग दोन्ही सोडले. आता राहिले दोन, नवा पातळ चौपन्नचा आणि जुना थिंकपॅड चोवीसचा. तीस हजारांचा फरक आहे हो. तीस हजार म्हणजे आमची दोन फवारण्यांची औषधं. जुन्यावर खरंच चार वर्षं निघतील का?

दुरुस्तीवाला_मिरज

वहिनी, मी जुने लॅपटॉप विकतो आणि दुरुस्तही करतो, तरी धंदा बाजूला ठेवून सांगतो.

चोवीस हजारांत शेजारचा मुलगा बहुतेक थिंकपॅडचा टी४८० दाखवत असणार. २०१८ चं मॉडेल. माझ्या हातून सगळ्यात जास्त गेलेलं आणि सगळ्यात कमी परत आलेलं मशीन. हिंज धातूच्या, वरची लॅबवाल्यांची तक्रार याला लागू नाही. रॅमला दोन खाचा, दोन बॅटऱ्या, एक आत आणि एक मागून खटका दाबून निघणारी. कीबोर्डवर चहा सांडला तर कीबोर्ड बदलून मिळतो, मिरजेतसुद्धा.

पण घेताना तीन गोष्टी बघितल्याशिवाय पैसे सोडू नका. पहिली, प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचाच हवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ सातव्या पिढीला सहसा बसत नाही. टी४७० आणि टी४८० बाहेरून जवळपास सारखे दिसतात, तिथंच लोक फसतात. दुसरी, चालू करतानाच एफ१ दाबून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जा. पासवर्ड मागितला तर ते मशीन कंपनीनं कुलूप लावून विकलेलं आहे, ते कुलूप आमच्यासारख्यालाही सहजी निघत नाही. तिसरी, बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये बॅटरी रिपोर्ट काढून मागा, कुठल्याही दुरुस्तीवाल्याला माहीत असतं. त्यात मुळात किती क्षमता होती आणि आज किती उरलीय ते दोन्ही आकडे येतात. निम्म्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला लावा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मुलगी पुण्यात एकटी असणार, पहिल्यांदाच घराबाहेर. जुन्यावर दुकानदार फार तर तीन ते सहा महिन्यांची बोली देतो. टी४८० चा प्रोसेसर चार कोअरचा आणि आजच्या मानानं हळू. पहिली दोन वर्षं छान निघतील, अ‍ॅन्सिस आलं की ती वाट बघत बसेल. आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे ‘आत्ता आठ घेऊ, मग वाढवू’ हा जुना हिशोब आता पूर्वीसारखा स्वस्त पडत नाही.

पैशांची फारच ओढ असती तर मी जुनाच घ्या म्हटलं असतं आणि स्वतः निवडून दिला असता. तुम्ही पंचावन्न याच कामासाठी बाजूला काढलेत. नवा घ्या, सोळा जीबीचा, आणि वरचे जे उरतील त्यात तीन वर्षांची घरपोच वॉरंटी घ्या. घरपोच म्हणजे कंपनीचा माणूस हॉस्टेलला येतो, मुलीला सर्व्हिस सेंटर शोधत फिरावं लागत नाही. पडझडीचं संरक्षण वेगळं असतं, ते आहे का हे बिलावर लिहून घ्या.

तासगावची_आई

काल सांगलीला जाऊन आलो, दुसऱ्या दुकानात. पहिला जो दाखवला तो दिसायला फार सुंदर होता, चांदीच्या रंगाचा. मुलीनंच ती तीन बटणं दाबली. ‘रो ऑफ चिप्स’ आलं, आणि रॅम आठ. आम्ही उठलो. दुकानातला मुलगा बघतच राहिला, म्हणाला कॉम्प्युटरचा क्लास केलाय का.

दुसरा घेतला. रायझन ५ ७५३०यू, आठ-आठच्या दोन पट्ट्या, दीड किलोच्या आतबाहेर. काळपट, साधा. झाकण मी स्वतः कान लावून उघडून बघितलं, आवाज नाही. बावन्न हजार पाचशेला दिला, वर वाढीव वॉरंटीचे तीन हजार आठशे. पंचावन्नच्या वर तेराशे गेले, तेवढे चालतील. बिलावरचा आणि लॅपटॉपच्या खालचा नंबर एकच आहे हे जुळवून घेतलं.

लॅबवाले भाऊ, एक शेवटचं. पुढच्या सोमवारी हॉस्टेलला सोडायला जाणार आहोत. लॅपटॉप पहिल्याच दिवसापासून कॉलेजात न्यायचा का? आणि ड्रॉइंगसाठी अजून काय घेऊन द्यावं लागेल?

कॅडलॅब_सहायक

ताई, उत्तम घेतलात. पहिले दोन-तीन आठवडे कॉलेजात न्यायची गरज नाही, खोलीतच कुलपात ठेवू द्या. आमच्याकडे तरी सुरुवातीच्या ड्रॉइंग शीट हातानंच काढायच्या असतात. त्याला मिनी ड्राफ्टर, शीट ठेवायची गोल नळी, एचबी आणि टूएच पेन्सिली लागतात. ड्राफ्टर नवा घेऊ नका. दुसऱ्या वर्षाच्या मुली पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलच्या फलकावर चिठ्ठ्या लावतात, निम्म्या किमतीत मिळतो. घेताना दोन्ही पट्ट्या काटकोनात बसतात का आणि पकडीचा स्क्रू फिरतो का, तेवढं तिला बघायला सांगा.